चार्टर मॉन्टेसरीत नंबर लागलाय, घालावं का?

प्रश्न थोडक्यात असा. ॲरिझोनात चँडलरला राहणारं मराठी जोडपं. मुलगा पावणेपाच वर्षांचा, या उन्हाळ्यानंतर किंडरगार्टनला, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्षाला, जाईल. घरापासून पंधरा मिनिटांवरच्या मॉन्टेसरी चार्टर (सरकारी पैशावर, पण स्वतंत्र चालणाऱ्या) शाळेच्या सोडतीत त्याचा नंबर लागलाय आणि आठ दिवसांत हो-नाही कळवायचंय. घराजवळची सरकारी शाळाही चांगली आहे. आईनं चार्टर शाळेत वीस मिनिटं वर्ग पाहिला. एक मुलगी सगळा वेळ टेबल धूत होती, दोन मुलं नुसती फिरत होती आणि शिक्षिका कोणाला काही म्हणत नव्हत्या. वडिलांची काळजी अशी की परीक्षा नाही, गृहपाठ नाही, मग गणितात मागे पडला तर? पुण्याहून आलेल्या आजी विचारतात, "खेळायलाच पाठवायचं तर घरी काय वाईट आहे?" मुलगा एका जागी बसत नाही. डब्यात काय द्यावं, हाही प्रश्न आहे. आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता, एक ओळ: वडिलांची वर्षभरात टेक्सासला बदली होऊ शकते.

मी त्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण माझ्या मते तुमचा सगळा निर्णय तिथे अडलाय. मी मुंबईत मॉन्टेसरीचं प्रशिक्षण घेतलं, सात वर्षं तिथे शिकवलं आणि गेली चौदा वर्षं अमेरिकेत, त्यातली बरीचशी चार्टर शाळांमध्ये, तीन ते सहा वयाचा वर्ग सांभाळते आहे. पालक मला नेहमी मुलाच्या स्वभावाबद्दल विचारतात. लाजाळू आहे, हट्टी आहे, दंगा करतो, चालेल का? स्वभावामुळे न रुळलेली मुलं मी फार थोडी पाहिली. वेळ न मिळाल्यामुळे अर्धवट राहिलेली खूप पाहिली.

मॉन्टेसरीत तीन ते सहा वर्षं वयाची मुलं एकाच वर्गात, एकाच शिक्षिकेकडे, तीन वर्षं असतात. पहिल्या वर्षी मूल बघतं, आणि ओतणं, पुसणं, बटणं लावणं शिकतं. दुसऱ्या वर्षी तेच पुन्हा पुन्हा करून हात बसवतं. तिसऱ्या वर्षी त्याचं पीक येतं. वाचायला लागतं, मण्यांनी चार अंकी बेरजा करतं, तीन वर्षांच्या धाकट्यांना चपलेचं बक्कल लावून देतं. अमेरिकेतलं किंडरगार्टन म्हणजे हे तिसरं वर्ष. तुमचा लेक थेट त्यातच येणार. पंगत ताकभातावर आलेली असताना पानावर बसल्यासारखं आहे ते. त्याला कोणी उपाशी उठवणार नाही, पण वाढपाची घाई होणार. माझ्या अनुभवात असं मूल दिवाळीपर्यंत वर्गात रुळतं, नाताळानंतर खरं कामाला लागतं आणि तोवर मे महिना दिसायला लागतो. तेवढ्यात उचलून टेक्सासच्या साध्या शाळेत पहिलीला बसवलंत, तर स्वतः काम निवडायची नुकती लागलेली सवय तिथे उपयोगाची राहत नाही, आणि रांगेत बसून ऐकायची सवय तर लागलेलीच नसते. एका वर्षात दोनदा मुळं उपटायची, असं होतं.

म्हणून टेक्सासचं जवळपास नक्की असेल तर माझं उत्तर 'नको' असं आहे. घराजवळच्या शाळेत घाला, एक वर्ष मजेत जाईल. निदान तिसरीपर्यंत चँडलरमध्ये राहणार असाल तर, शाळा नीट पाहून, 'हो'. पहिली ते तिसरी हा पुढचा मिश्र वर्ग. किंडरगार्टनला उशिरा आलेल्या मुलाला तिथे हवा तो वेळ मिळतो, पहिल्या वर्षाची तूट भरून निघते. व्हिसा आणि नोकरी यांच्या तालावर घर हलवावं लागणाऱ्या आपल्या घरांना तीन-चार वर्षांचं सांगणं अवघड असतं, हे मला कळतं. मीही तीन राज्यं बदलली आहेत. पण यावर आधी नवरा-बायकोंनी बसून बोला, शाळेबद्दल मग.

आता शाळा. 'मॉन्टेसरी' या नावावर कोणाचीही मालकी नाही. अमेरिकेत १९६७ साली ट्रेडमार्कचा वाद झाला तेव्हाच ते ठरलं. त्यामुळे कोणीही पाटी लावू शकतं. आपल्याकडे तर हा शब्द इतका रुळलाय की कुठल्याही शिशुवर्गाला 'मॉन्टेसरीत घातलंय' म्हणतात. चार्टर शाळेचं तसंच. चार्टर म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, पण स्थानिक शाळा मंडळाच्या बाहेर, करार करून स्वतंत्र चालवलेली शाळा. पहिला कायदा १९९१ साली मिनेसोटात झाला, ॲरिझोनाचा १९९४ चा. शाळेला फी घेता येत नाही, मुलाची प्रवेशपरीक्षा घेता येत नाही, आणि अर्ज जागांपेक्षा जास्त आले की सोडत काढावी लागते. करारात 'आम्ही मॉन्टेसरी पद्धतीनं शिकवू' असं लिहिलेलं असलं, तरी रोज सकाळी वर्गात काय होतं ते करारावरून कळत नाही.

एक गोष्ट पालकांना क्वचितच माहीत असते. ॲरिझोनात चार्टर शाळेच्या शिक्षकाकडे राज्याचं शिक्षक-प्रमाणपत्र असण्याची सक्ती नाही. हे दोन्ही बाजूंनी चालतं. मॉन्टेसरीत मुरलेल्या, पण राज्याचं प्रमाणपत्र नसलेल्या शिक्षिकेला शाळा घेऊ शकते, हे चांगलंच. पण दोन आठवड्यांची कार्यशाळा करून आलेल्या माणसाच्याही हाती वर्ग देता येतो. म्हणून थेट विचारा, 'माझ्या मुलाच्या वर्गशिक्षिकेकडे कुठली पदविका आहे, आणि ती कोणत्या वयोगटाची?' एएमआय म्हणजे मारिया मॉन्टेसरी यांनीच १९२९ साली स्थापन केलेली संस्था, एएमएस ही १९६० पासूनची अमेरिकी संस्था, किंवा मॅक्टी या मॉन्टेसरी प्रशिक्षणांना मान्यता देणाऱ्या संस्थेनं मंजूर केलेलं प्रशिक्षण, यांपैकी काहीही चालेल. तीन ते सहाचं प्रशिक्षण घेतलेली बाई पहिली-तिसरीच्या वर्गाला आपोआप योग्य ठरत नाही, आणि उलटही. 'आमच्या सगळ्या शिक्षिका मॉन्टेसरी-प्रेरित आहेत' असं उत्तर आलं तर पुढचं काही विचारायची गरज नाही.

दुसरं विचारायचं ते पैशाचं. राज्याकडून चार्टर शाळेला पैसे मिळतात ते किंडरगार्टनपासून, आणि ॲरिझोनात किंडरगार्टनचं मूल त्यासाठी अर्धंच धरलं जातं. म्हणून बऱ्याच शाळा तीन-चार वर्षांच्या मुलांना फी घेऊन बसवतात आणि पाचव्या वर्षापासून फुकट. तुमच्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच, की तुमच्या लेकाच्या वर्गात तीन आणि चार वर्षांची मुलं प्रत्यक्ष असणार का. नसतील, वर्गभर फक्त पाच वर्षांचीच असतील, तर मोठा कोण आणि धाकटा कोण? ज्यांना बघून शिकायचं तीही नाहीत आणि ज्यांना शिकवून पक्कं व्हायचं तीही नाहीत. तशा शाळेला मी स्वतः नकार देईन, साहित्य कितीही सुंदर असलं तरी.

तिसरं सकाळचं. मॉन्टेसरीत सकाळी सलग तीन तास मुलांना स्वतः निवडलेल्या कामासाठी मोकळे ठेवतात. मध्ये घंटा नाही, संगीताचा तास नाही, 'चला आता सगळे गोल बसा' नाही. मी एका चार्टर शाळेत असताना तिसरीचे निकाल खाली आले. व्यवस्थापनानं घाबरून सगळ्या वर्गांना, माझ्या तीन वर्षांच्या मुलांनाही, साडेनऊ ते सव्वादहा संगणकावर वाचनाचा सराव लावला. पाऊण तासच तर आहे, असं सगळे म्हणाले. पण पहिला तास मुलं सोपी, ओळखीची कामं करण्यात घालवतात, मग थोडी भरकटतात, आवाज वाढतो, बाहेरून आलेल्याला वाटतं की वर्ग हातातून गेला. त्यानंतर, दहाच्या सुमारास, एकेक मूल मोठ्या कामाकडे वळतं आणि वर्ग असा काही शांत होतो की चटई गुंडाळल्याचा आवाज ऐकू येतो. आमच्याकडे नेमक्या त्याच वेळी हेडफोन लागायचे. त्या वर्षी माझ्या वर्गात भांडणं वाढली, चावणं वाढलं. मी वर्षअखेर ती शाळा सोडली. म्हणून वेळापत्रक कागदावर मागा आणि सकाळी साडेआठ ते साडेअकरामध्ये किती तुकडे पडलेत ते मोजा.

तुम्ही वीस मिनिटं पाहिलंत ती बहुधा याच भरकटण्याच्या वेळेतली. ती दोन फिरणारी मुलं कामाच्या शोधात असतील किंवा नसतील, वीस मिनिटांत मलाही सांगता येणार नाही. पण टेबल धुणाऱ्या मुलीबद्दल सांगते, कारण तिथे तुम्हाला जे पोरखेळासारखं दिसलं ते माझ्या वर्गातल्या सर्वांत अवघड कामांपैकी एक आहे. आधी ॲप्रन बांधायचा, मग जमिनीवर मेणकापड अंथरायचं, त्यावर बादली, जग, साबण, ब्रश, स्पंज ठरलेल्या क्रमानं मांडायचे. पाणी न सांडता आणायचं. ब्रश साबणाला लावून टेबलावर वरच्या डाव्या कोपऱ्यातून गोल गोल फिरवत उजवीकडे जायचं, मग खालची ओळ. ज्या दिशेनं आपण मराठी लिहितो, इंग्रजीही लिहितो, त्याच दिशेनं. मग स्पंजनं फेस काढायचा, पुसायचं, पाणी ओतून द्यायचं, बादली कोरडी करायची आणि पुढच्या मुलासाठी सगळं जसंच्या तसं ठेवायचं. वीस-पंचवीस पायऱ्या मनात धरून त्या ओळीनं पार पाडायच्या. पुष्कळ मुली-मुलगे टेबल कोरडं झाल्यावर लगेच पुन्हा पहिल्यापासून धुवायला लागतात. टेबल मळकं असतं म्हणून ती धूत नसतात. तिथे शिक्षिका गप्प राहते, कारण एक 'व्वा, छान!' म्हटलं की मूल टेबलाकडचं लक्ष काढून बाईंच्या तोंडाकडे बघायला लागतं.

एका जागी न बसणाऱ्या तुमच्या लेकाला हे काम आवडेल, असं मला वाटतं. मॉन्टेसरी वर्गात बसून राहायचंच नसतं. ठोकळा आणायला उठावं लागतं, चटई अंथरावी लागते, गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे मांडणीतून चटईपर्यंत एकेक करून आणायचे म्हणजे दहा फेऱ्या. माझ्याकडे असाच एक मुलगा किंडरगार्टनला आला होता. घरी तमिळ बोलणारा, वर्गात वाऱ्यासारखा. पहिले पाच आठवडे त्यानं एकही काम पुरं केलं नाही, दुसऱ्यांची मोडली मात्र भरपूर. सहाव्या आठवड्यात एका मोठ्या मुलीनं त्याला हजाराच्या साखळीचं एक टोक धरायला दिलं. दहा-दहा सोनेरी मण्यांच्या शंभर काड्या जोडून केलेली ही साखळी. वर्गात मावत नाही म्हणून आम्ही ती कॉरिडॉरमध्ये पसरतो. मणी मोजत जायचे आणि ठरावीक आकड्यांना कागदी बाण लावायचे. त्याला शंभरच्या पुढे इंग्रजीत येत नव्हतं. ती मुलगी सांगायची, तो म्हणायचा. जेवायच्या वेळेपर्यंत ते तीनशे चाळीसला पोचले. त्यानं आपल्या नावाची चिठ्ठी तिथे ठेवली, म्हणजे कोणी उचलणार नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत आला तो दप्तर न ठेवताच कॉरिडॉरमध्ये गेला. हजाराचा बाण लावल्यावर तो साखळीच्या कडेनं सुरुवातीपर्यंत चालत गेला आणि चालत परत आला, असं चार वेळा. बोलला काहीच नाही. त्यानंतर वर्गात त्यानं कोणाचं काम मोडलं नाही, असं म्हणणार नाही मी. पण महिन्यात एकदा, रोज नाही.

तरी एक सावधगिरी. मूल चंचल आहे आणि मूल खरोखर अडचणीत आहे, या वेगळ्या गोष्टी. बोलणं उशिरा आलंय, ऐकण्याची शंका आहे, हातात पेन्सिल धरवत नाही, असं काही असेल तर लपवू नका. चार्टर शाळा सरकारीच असल्यामुळे विशेष गरजा असलेल्या मुलाला नाकारणं तिला कायद्यानं शक्य नाही, आणि तुम्ही लेखी विनंती केलीत की तपासणीचा विचार तिला करावाच लागतो. पण लहान शाळेत वाचा-उपचार देणारी व्यक्ती आठवड्यातून एकदाच येत असेल, आणि तेच काम जिल्ह्याच्या मोठ्या शाळेत रोज होत असेल. अशा वेळी मी पालकांना मॉन्टेसरीपेक्षा सोयी पाहायला सांगते. शाळेतल्या कोणी हळूच 'आमच्याकडे त्याला कदाचित जमणार नाही हो' असं सुचवलं, तर तेही लिहून मागा.

भाषेचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगायला हवं. प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेचा छोटा फॉर्म येतो. त्यात तुम्ही 'मराठी' लिहाल, आणि लिहायलाच हवं, तेव्हा ॲरिझोनात मुलाची इंग्रजीची 'अझेला' नावाची चाचणी होते. घाबरून तिथे 'इंग्रजी' लिहिणारे पालक मी पाहिले आहेत. चाचणीत मूल कमी पडलं तर त्याला इंग्रजीची जास्तीची मदत मिळते, एवढंच. घरी मराठीच बोला. वर्गात नवीन भाषेतलं मूल दोन-तीन महिने गप्प राहिलं तर ते ऐकतंय असं समजा. मॉन्टेसरीत हाताला काम असल्यामुळे त्या गप्प राहण्यात त्याचा दिवस फुकट जात नाही, हे मला या पद्धतीतलं सर्वांत मोलाचं वाटतं.

मात्र घरी 'ए फॉर ॲपल' थांबवा. सँडपेपरची अक्षरं बोटांनी गिरवताना आम्ही अक्षराचं नाव सांगत नाही, आवाज सांगतो. 'बी' म्हणत नाही, 'ब्' म्हणतो. आपल्या मुलांना हे पटकन समजतं, कारण देवनागरीत अक्षराचं नाव आणि त्याचा उच्चार जवळजवळ एकच. मूल घरून 'सी-ए-टी' शिकून आलं की 'कॅट' जुळवायला त्याला आधी ते विसरावं लागतं. घरी वेळ असेल तर 'क्' नं सुरू होणाऱ्या घरातल्या वस्तू शोधा: कढई, कात्री, कपाट. मराठीतच.

आता वडिलांची काळजी. ती योग्य आहे, फक्त पुढच्या वर्षाची नाही, तिसरीची आहे. केंद्राच्या कायद्यानुसार तिसरीपासून आठवीपर्यंत दरवर्षी राज्याची परीक्षा असते, चार्टर शाळांनाही. ॲरिझोनात तिला 'आसा' म्हणतात. शिवाय इथे वाचनाचा वेगळा कायदा आहे. तिसरीच्या शेवटी वाचन ठरावीक पातळीच्या फारच खाली असेल, तर काही सवलती सोडता मुलाला चौथीत घालत नाहीत. म्हणजे खासगी मॉन्टेसरीत 'सातव्या-आठव्या वर्षी येईल वाचायला' म्हणून जी सबुरी दाखवता येते, ती चार्टरमध्ये पूर्ण दाखवता येत नाही. चांगल्या शाळा हे मान्य करतात आणि पहिलीपासून प्रत्येक मुलाच्या वाचनाची नोंद ठेवतात. तुम्ही मुख्याध्यापिकेला विचारा, 'दुसरीतल्या एखाद्या मुलाची नोंदवही नाव झाकून दाखवाल का? त्याला कुठला पाठ कधी दिला, कितीदा केला, जमलं का?' ज्यांच्याकडे ही वही आहे त्या अभिमानानं दाखवतात. ज्यांच्याकडे नाही, तिथे गृहपाठ नसल्याची काळजी मलाही वाटेल.

गणिताचं म्हणाल तर तिथे मला सर्वांत कमी चिंता आहे. पाच वर्षांचं मूल हजार मण्यांचा घन हातात घेतं तेव्हा हजार जड असतो, हे त्याला कळतं. एकक, दशक, शतक ही त्याच्या दृष्टीनं वेगवेगळ्या वजनाची माणसं असतात. चौघं मिळून 'बँके'तून, म्हणजे मणी मांडून ठेवलेल्या जागेवरून, मणी आणतात, एकत्र करतात, दहा एकक झाले की बदलून एक दशक आणतात. हातचा म्हणजे काय, ते ट्रेमधून चालत घेऊन आल्यावर वेगळं समजावावं लागत नाही. कागदावरचा वेग मात्र उशिरा येतो, आणि वर्कशीटच्या क्लासला जाणारा शेजारचा मुलगा पहिलीत तुमच्या लेकापेक्षा भराभर बेरजा करेल. तो दिवस सोसायची तयारी ठेवा. दुसरीत पोचल्यावरही हातचा समजला नसेल तर मात्र शाळेला जाब विचारा.

संशोधन काय म्हणतं? २०२५ साली अमेरिकेतल्या २४ सार्वजनिक मॉन्टेसरी शाळांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, व्हर्जिनिया विद्यापीठाच्या ॲन्जेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांचा. सोडतीत नंबर लागलेली आणि न लागलेली, अशी ५८८ मुलं त्यांनी तीन वर्षं पाहिली. सोडत असल्यामुळे 'हुशार घरातलीच मुलं तिथे जातात' हा आक्षेप उरत नाही. किंडरगार्टनच्या शेवटी वाचन, स्मरणशक्ती, स्वतःवर ताबा ठेवणं आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं, यांत मॉन्टेसरीची मुलं पुढे होती. आणि तीन वर्षांत दर मुलामागे खर्च सुमारे १३ हजार डॉलरनी कमी, कारण वर्गात मुलं जास्त आणि मोठी माणसं कमी असतात. हा कागद तुम्हाला शाळेच्या माहितीसभेत नक्की दाखवतील. पण ती मुलं सोडतीत उतरली होती तीन वर्षांची असताना. तुमच्या लेकाला तेवढीच फळं एका वर्षात मिळतील, असा अर्थ त्यातून काढू नका.

आजींचा प्रश्न मला सगळ्यांत आवडला. आजींना सांगा, याच मॉन्टेसरीबाईंना दुसऱ्या महायुद्धात शत्रुराष्ट्राच्या नागरिक म्हणून भारतात अडकून पडावं लागलं होतं, आणि त्यांच्या मुलाला काही काळ अहमदनगरच्या छावणीत ठेवलं होतं. त्यांची पद्धत आपल्या मातीत उतरवली ती ताराबाई मोडक यांनी. गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ साली त्यांनी नूतन बालशिक्षण संघ काढला, आणि १९४५ पासून बोर्डीत, पुढे अनुताई वाघांना घेऊन कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. परदेशी साहित्य परवडणारं नव्हतं. बिया, शिंपले, खडे यांनी मोजणी शिकवली. त्यामुळे 'घरी काय वाईट आहे' याचं उत्तर, काहीच वाईट नाही. आजींनी शेंगा सोलायला, पोळपाट पुसायला, कोथिंबीर निवडायला त्याला सोबत घेतलं तर शाळेतला निम्मा पहिला महिना वाचेल. घरी नसतात ती फक्त वेगवेगळ्या वयांची वीस-पंचवीस मुलं.

हो म्हणण्याआधी पुन्हा एकदा वर्ग बघायला जा. या वेळी सव्वानऊला जा आणि अकरापर्यंत थांबा. कोपऱ्यात छोट्या खुर्चीवर बसा, मुलांकडे बघून हसू नका, एकच मूल निवडा आणि तेवढ्यावरच लक्ष ठेवा. त्यानं काय उचललं, किती वेळ केलं, परत ठेवलं का. मधूनच शिक्षिकेकडे बघा. ती बसलेली आहे का, एका मुलाशी हळू आवाजात बोलतेय का, की उभ्यानं सगळ्यांना हाका मारतेय? मांडणीवरचं साहित्य पूर्ण आहे का, मनोऱ्याचा सर्वांत छोटा, एक सेंटिमीटरचा ठोकळा जागेवर आहे का? तो नेहमी हरवतो. जिथे तो शोधून ठेवला जातो, तिथल्या बाईंवर माझा विश्वास बसतो. एवढा वेळ बसू देणार नाही असं शाळा म्हणाली, तर ते मोठं कारण समजा. घरी आल्यावर राज्याच्या चार्टर मंडळाच्या संकेतस्थळावर शाळेचा आर्थिक अहवालही पाहा. मुलं कमी झाल्यानं चार्टर शाळा बंद पडतात, आणि तशी वेळ वर्षाच्या मध्यात आली तर पालकांची फार धावपळ होते.

दोघांमध्ये एकमत होत नसेल, तर हेही लक्षात असू द्या. तुमच्या पत्त्यावरची जिल्ह्याची शाळा तुमच्या मुलाला कधीही घ्यायला बांधील आहे. चार्टरची जागा मात्र सोडलीत की पुन्हा रांगेत.

डब्याचं विचारलंत. पोळी-भाजी चालेल, बरीच मुलं हातानंच जेवतात. फक्त डबा असा द्या की त्याचा त्याला उघडता येईल. आपले स्टीलचे क्लिपवाले डबे पाच वर्षांच्या बोटांना फार घट्ट असतात, आणि मदतीसाठी थांबलेल्या मुलाचं जेवण तसंच राहतं. उन्हाळ्यात रोज एकदा, रिकामा डबा त्याच्याकडून उघडून आणि लावून घ्या. बूट वेल्क्रोचे घ्या.